हवेचं पाणी

रोज सकाळी नर्सरीतली रोपं पोचवणाऱ्या पिकअपवर वत्सला शिंगटेंनी हवेतून पाणी ओढणारं छत बसवलं, मागे दोन गाद्या टाकल्या आणि नवऱ्याला घेऊन थेट कच्छचं रण गाठलं. पहाटे छताखालची टाकी काठोकाठ भरली होती.

"आज मनसोक्त अंघोळ!" दिनकरराव खूश झाले.

तेवढ्यात जवळच मुक्कामाला असलेला एक उंटवाला धावत आला. त्याची उंटीण नुकतीच व्यायली होती आणि दोन दिवस पाण्याचा टँकर फिरकला नव्हता. वत्सलाबाईंनी टाकीचा नळ सोडला. उंटीण टाकी रिकामी करूनच थांबली. तिचं पिल्लू लटपटत उठलं, पिकअपच्या सावलीत आलं आणि चाकाला टेकून झोपलं.

"अहो, आता निघायचं कसं?"

"निघायचंय कुणाला?" म्हणत दिनकररावांनी बाटलीत उरलेल्या पाण्याचं चहासाठी आधण उंटवाल्याच्या चुलीवर ठेवलं.