झाकणाची बादली

जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारागिराच्या चिमुरडीच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं, "कपड्यांवरची धूळ घरात नको. आधी आंघोळ, मग लेक."

तेव्हापासून गडी घरात शिरला की वाघ मागे लागल्यासारखा थेट मोरीत पळायचा. "बाबा!" करत लेक हात पसरून यायची आणि हा "लांब, लांब!" ओरडत तिला चुकवायचा. बाहेर येईपर्यंत ती रुसून झोपलेली असायची. कामाचे कपडे गॅलरीत, झाकणाच्या बादलीत. त्या बादलीला हात लावणार नाही, असं त्याने आपल्या आईकडून वचनच घेतलं होतं.

"अरे, किती घासशील?" आई हसायची. "कातडं तरी ठेव, बायकोला ओळखायला!"

पुन्हा तपासणी झाली आणि शिसं उलट वाढलेलं निघालं. मग त्याने नळावर संशय घेतला, भिंतीच्या रंगावर घेतला, शेजारणीने दिलेली बाहुली तर थेट कचऱ्यात टाकली.

एके दिवशी कारखान्यातली वीज गेली म्हणून तो भरदुपारी घरी आला. बादलीचं झाकण जमिनीवर पडलं होतं. आतल्या खोलीत आईच्या मांडीवर लेक गाढ झोपली होती, अंगावर त्याचा कालचा मळका सदरा आणि तोंडात त्याच्याच बाहीचं टोक.



"ओरडू नकोस, उठेल ती," आई कुजबुजली. "तू जवळ घेत नाहीस ना, मग रोज दुपारी तुझ्या वासावरच निजवते मी तिला."