ज्याची त्याची मागची ओळ

साहेब हसले तशी कारखान्याचे आकडे सांभाळणारी आकडेबाईही हसली. चूक तिचीच होती.

कारखान्यात दर वर्षी कामगारांचे कान तपासत. पाच वर्षांच्या तपासण्या तिच्या डेटाबेसमध्ये ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक ओळीतून तिच्या मागची ओळ वजा कर, असं तिनं संगणकाला सांगितलं, आणि त्यानं ते मुकाट्यानं केलं. एका माणसाच्या ओळी संपल्या तरी तो थांबला नाही. रंगाऱ्याच्या पहिल्या ओळीतून पत्र्याच्या प्रेसवरच्या मामांची शेवटची ओळ वजा झाली, आणि रंगाऱ्याला एका वर्षात सशाचे कान फुटले.

"शेजाऱ्याचे कान याला जोडलेत की, बाई," साहेब म्हणाले. मग त्यांनी समजावलं. ऐकू यायला आवाज निदान किती मोठा लागतो, तो हा आकडा. कान मंदावला की चढतो. नियम पंचवीसचा, आणि सगळे पंचवीसच्या आत. अहवाल आज चार वाजता जायचाय, वजाबाकी राहू द्या.

ती पुन्हा बसली. आधी माणूस माणसापासून वेगळा केला. मग वर्षामागे वर्ष लावलं, ओळीमागे ओळ. आता ज्यानं त्यानं आपल्याच मागच्या वर्षाकडे बघायचं. पहिल्या वर्षाच्या मागे काहीच नाही, तो रकाना रिकामा.

रंगारी जागच्या जागी होता. मामा मात्र आठावरून अकरा, चौदा, अठरा, तेवीस. पत्रा दाबणाऱ्या त्या शेडमधले नऊच्या नऊ जण आकड्यांचा जिना चढत होते, पावलांचा आवाज न करता.

साहेबांनी पडदा पाहिला. हा वजाबाकीचा रकाना कुणी मागितलेला नाही, काढून टाका, म्हणाले. कुणी पंचवीस ओलांडले की बघू.

"पंचवीस झाल्यावर परत आठ होतात का, साहेब?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. त्या नऊ जणांच्या आपापल्या आकड्यांखाली सह्या असतील तर रकाना राहील, म्हणाले. तीन वाजून गेले होते. तिनं नऊ जणांचे नऊ कागद छापले आणि जिना उतरली.

चहाच्या सुट्टीत प्रेस थांबल्या होत्या. मामा, शेडमधले सगळ्यात जुने, हात पुसत उभे होते. तिनं कागदावर बोट ठेवून ओळ ओळ दाखवली. हे मागच्या वर्षीचं, हे यंदाचं, आणि मधे गेलं ते एवढं.

मामांनी आठापासून तेवीसपर्यंत बोट फिरवलं.

"दोन वर्षं बायकोशी भांडतोय मी," ते म्हणाले, "तोंडातल्या तोंडात बोलू नकोस म्हणून."

त्यांनी सही केली. उरलेले आठ कागद तिच्या हातातून घेतले आणि पेन घेऊन ते पुढच्या प्रेसकडे गेले. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

कुणीच प्रेसचं बटण दाबलं नाही.