गोदाक्काचं जिवाणू खत

अळणावरकडच्या त्या गावात जिवाणू खतावर भाजी पिकवणारी गोदाक्का एकटीच. रोपांची मुळं जिवाणू कालवलेल्या गूळपाण्यात बुडवून लावायची, आणि कीड पडली तरी फवारणीचं औषध म्हणून घरात येऊ द्यायचं नाही. यंदा निम्मी वांगी किडली, शेजारीपाजारी हसले. तरी बाई हटली नाही.

सत्कारासाठी धारवाडहून आलेल्या शेती खात्याच्या साहेबांनी तिला शाल पांघरवली. "अक्का, मातीवर एवढी माया? औषधाची बाटलीसुद्धा घरात ठेवत नाही म्हणे!"

"काय करणार साहेब, शहाणपण उशिरा आलं," म्हणत गोदाक्कानं शेजारी बसलेल्या लेकीचा, रूपाचा, हात घट्ट धरला.



गेल्या साली गोठ्यातली फवारणीची बाटली प्यायल्यापासून रूपाला बोलता येत नव्हतं.