दोन लाख पट

"जत्रेतलं भिंग आहे ते. भंगारात काढा." संशोधन संस्थेत समोरच्या खोलीतल्या देवस्थळीबाईंच्या साध्या सूक्ष्मदर्शकाबद्दल डॉ. कारखानीस हे चारचौघांत म्हणाले, बाईंना ऐकू जाईल असं. त्यांच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला थंडगार खोली होती आणि बूट बाहेर काढल्याशिवाय तिथे कुणाला प्रवेश नव्हता. "मी दोन लाख पट मोठं बघतो. बाई अजून हजारावरच."

कारखानीसांच्या लग्नाला आठ वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वीर्याची तपासणी सांगितली, तेव्हा त्यांना कोपऱ्यावरच्या लॅबची शिसारी आली. तिथला पोरगा काय डोंबल बघणार? त्यांनी नमुना स्वतःच वाळवला, त्यावर सोन्याचा मुलामा चढवला, यंत्रातल्या निर्वात पेटीत ठेवला आणि फोटो काढला. डोकं, मान, शेपूट, सगळं कसं देखणं. फोटो त्यांनी बायकोपुढे टाकला. "बघ. माझ्यात काडीचा दोष नाही."

मृणालिनीने फोटो नीट न्याहाळला. "छान आहेत. पण हलतात का?"

कारखानीसांनी फोटो परत उचलला. त्यांच्या यंत्रात जिवंत काही ठेवताच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात ताज्या नमुन्याची बाटली उबेला धरून ते देवस्थळीबाईंच्या दारात उभे राहिले. बाईंनी बाटली हातात घेतली. थेंब काचपट्टीवर घेतला, भिंग जुळवलं आणि खुर्ची रिकामी केली.

"या, डोळा लावा. चारशे पटच दिसेल, चालेल ना?"

कारखानीस उंबऱ्यापाशी वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.