बेवड्याची अवलाद

"जुन्याला आपण बेवडा म्हणतो. प्रश्न नव्याचा आहे," घड्याळ-संग्राहक मंडळाचे अध्यक्ष, वकील देलाक्रेता म्हणाले आणि काट्याला टोचलेला पावाचा तुकडा त्यांनी वितळलेल्या चीजच्या भांड्यात बुडवला.

टेबलाभोवती अकरा जण होते आणि अकराही मनगटांवर एकच घड्याळ होतं. त्र्याहत्तर सालचं, तळ्यापलीकडच्या कारखान्यातलं. विकलं गेलं तेव्हा त्याची डायल निळी होती. दोन-चार वर्षांत ती काळवंडली, आणि आज त्या काळपटपणासाठी लोक राहतं घर विकायला निघतात. यंदा कारखान्याने तेच घड्याळ पुन्हा काढलं होतं, नवी डायल भट्टीत भाजून मुद्दाम काळी केलेली. तर या नव्याला काय म्हणायचं, एवढंच ठरवायला ही मंडळी जिनिव्हाहून आणि मिलानहून बर्फ तुडवत आमच्या खोऱ्यात आली होती. भरल्या पोटी माणसाला काय काय सुचतं.

"बेवडा नंबर दोन," एक जण म्हणाला.

"छे. भट्टीतून निघालेला कसला बेवडा? त्याने थेंबही घेतलेला नाही. चहावाला म्हणा."

सगळे हसले. पांढरी वाईन पुन्हा पेल्यांत ओतली गेली. मिलानचा बेर्तोली नव्या सभासदांकडे वळला. "गोष्ट माहीत आहे ना? डायल रंगवणारा माणूस सकाळपासून झोकून असायचा. एक दिवस वॉर्निशच्या डब्यात त्याची बाटलीच कलंडली. बरं झालं कलंडली, नाहीतर आपल्या हातात साधी निळी घड्याळं असती. माझं ऐका, नाव सोपं आहे. बेवड्याची अवलाद."

टेबलावर थापा पडल्या. "झकास," देलाक्रेता म्हणाले. "घेऊ या मत."

नेली रेमों चीजचं दुसरं भांडं घेऊन मागे उभी होती. कॅफे तिचा, घर तिच्या वडिलांचं. दुपारपासून बेवडा हा शब्द तिच्या कानावर पडत होता. तो कोण, हे तिला आत्ता कळलं. भांडं तिने त्यांच्या शेगडीवर ठेवलं नाही, शेजारच्या रिकाम्या टेबलावर ठेवलं.

"अवलाद हवी आहे ना तुम्हाला? ही काय, तुमच्यासमोर उभी आहे."

देलाक्रेता हसतच वळले. "काय म्हणालात, मादाम?"

"तुमच्या बेवड्याला नाव होतं. सामुएल रेमों. माझे बाबा. तुम्ही या घड्याळावर एवढं जाड पुस्तक लिहिलंत वकीलसाहेब, त्यात ते नाव कुठल्या पानावर आहे?"

देलाक्रेतांनी काटा खाली ठेवला.

"अठराव्या वर्षी शपथ घेतली होती त्यांनी, दारूला शिवणार नाही म्हणून. चर्चमध्ये बाकीचे वाईन घ्यायचे, तेव्हा पाद्री त्यांच्यासाठी वेगळ्या पेल्यात द्राक्षाचा रस ठेवायचे. विचारा गावात कुणालाही. ते असेपर्यंत या घरात बाटली आली नाही."

"मादाम, रागावू नका," बेर्तोली म्हणाला. "ते प्रेमाचं नाव आहे."

"प्रेमाचं? कधी भेटला होतात त्यांना?"

ती खिडकीपाशी गेली आणि पडद्यामागून एक छोटी गोल चकती उचलून आणली. टेबलावर, त्यांच्या पेल्यांच्या मधोमध, ती ठेवली. तीच डायल. निळी, कालच रंगवल्यासारखी.

"नवं वॉर्निश आलं की बाबा एक डायल या खिडकीत ठेवायचे. वर्षभर. एवढं ऊन खाऊन रंग टिकला तरच होकार द्यायचे. या निळ्याला वॉर्निशचे पाच हात लागतील, असं त्यांनी कारखान्याला सांगितलं. कारखान्याला घाई होती. दोन हातांत उरकायला लावलं. मग डायल काळ्या पडल्या, तक्रारी आल्या, तेव्हा कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी जगाला सांगितलं की आमचा रंगारी पितो. त्यानंतर या खोऱ्यात कुणीही त्यांच्या हातात कुंचला दिला नाही. मरेपर्यंत लाकडं फोडली त्यांनी. आणि ही त्यांची पाच हातांची. पन्नास वर्षं त्याच खिडकीत आहे."

 बेर्तोलीने तोवर खिशातून भिंग काढलं होतं. सवयच ती. त्याने चकती डोळ्यापाशी नेली, उजेडात फिरवली.

"अजिबात बदललेली नाही," तो म्हणाला. "वाईट वाटतं, पण संग्रहाच्या दृष्टीने हिला काही किंमत नाही."

"बेर्तोली, पुरे," देलाक्रेता हळूच म्हणाले.

"बोलू द्या त्यांना. मोठे साहेबही बाबांना हेच म्हणाले होते." नेलीने चकती त्याच्या बोटांतून काढून घेतली, खिडकीत नेऊन उन्हाकडे तोंड करून ठेवली आणि परत येऊन टेबलाच्या टोकाला उभी राहिली. 

"हं, घ्या आता मत. बेवड्याची अवलाद म्हणायचं असेल त्यांनी हात वर करा. मी मोजते."

भांड्यातलं चीज बुडबुडत होतं. एकही हात वर गेला नाही. मग टेबलावरचेही हात एकेक करून मागे सरले आणि मनगटांवर बाह्या ओढल्या गेल्या. बेर्तोलीची बाही आखूड होती. त्याने घड्याळावर दुसरा हात ठेवला.