घड्याळ काढ

“ते घड्याळ काढ,” दिग्दर्शक तिसऱ्यांदा म्हणाला.

एडिटरने माउसवरचा हात उचलला, पण घड्याळ काढलं नाही. भीतीच्या सिनेमांचे ट्रेलर कापण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. या ट्रेलरमध्ये दोन मिनिटांत पाच खून होते. कुऱ्हाडीने फुटलेलं दार होतं, केसांना धरून जिन्यावरून ओढत नेलेली बाई होती, न्हाणीघराच्या फरशीवरून मोरीकडे निघालेलं रक्त होतं. बोटं मोडल्याचा आवाज तर तिने स्वतः गाजरं मोडून रेकॉर्ड केला होता. त्या सगळ्यावर दिग्दर्शक बेहद्द खूश होता. घोडं अडलं होतं ते एकाच शॉटपाशी.

खुनी खोलीत येतो. मनगटावरचं घड्याळ सोडतो आणि टेबलावर ठेवतो. टक. मग पाच-सहा सेकंद पडद्यावर नुसतं घड्याळ, सगळं चिडीचूप. मग कुऱ्हाड.

“अगं, तो शॉटच नाहीये. नटाच्या हातात चुकून स्वतःचं घड्याळ राहिलं होतं, ते काढतोय तो. कॅमेरा बंद करायचा राहिला. आणि तू ते ऐन मोक्याच्या जागी बसवलंस!”

“सर, मांजराने उडी मारली की लोक दचकतात. घाबरत नाहीत. घाबरायला पुढे काय होणार ते आधी कळावं लागतं.”

“घड्याळाला कोण घाबरतं?” त्याने हातातली फाईल भिंतीवर भिरकावली. सुटलेली पानं एडिटरच्या अंगावर पडली. मोठा कलावंत आहे, नाकावर राग असायचाच, असं लोक कौतुकाने म्हणत. म्हणायला लोकांचं काय जातं!

शेवटी निर्मात्याने तोडगा काढला. दहा-अकरा माणसं बोलवायची, त्यांना ट्रेलर दाखवायचा आणि ती म्हणतील ते करायचं.

“शॉट गेला तर माझंही नाव काढा,” एडिटर म्हणाली. ती एवढी हट्टाला का पेटली, हे तिला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला खिडक्यांवर काळे पडदे ओढले गेले. दोन लाईटवाले आले, मेकअपवाली आली, निर्मात्याच्या सासूबाई हौसेने पहिल्या रांगेत बसल्या. दिग्दर्शकाची बायको पहिल्यांदाच स्टुडिओत आली होती. तिला सगळे वहिनी म्हणत होते. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या वहिनी, मांडीवर पर्स घेऊन, शेवटच्या खुर्चीवर बसल्या.

ट्रेलर सुरू झाला की एडिटर पडद्याकडे बघत नसे. ती माणसांचे हात बघायची. तोंड खोटं बोलतं, हातांना ते जमत नाही, असं तिचं म्हणणं.

दार फुटलं आणि सासूबाईंनी मेकअपवालीचा दंड पकडला. बाई जिन्यावरून ओढली गेली तेव्हा एका धिप्पाड लाईटवाल्याने चक्क डोळ्यांवर हात घेतले. मग खुनी आला आणि त्याने घड्याळ सोडलं. टक. सगळे हात सैल झाले. सासूबाईंनीही दंड सोडला. एडिटरला वाटलं, हरलो आपण.

मग तिची नजर शेवटच्या खुर्चीवर गेली. वहिनींनी चष्मा काढला होता. त्यांनी काड्या नीट मिटल्या, चष्मा पर्समध्ये ठेवला, पर्स पायाने खुर्चीखाली सरकवली आणि मान खाली घातली. कुऱ्हाड अजून पडायची होती.

असा चष्मा काढताना एडिटरने आजवर एकाच बाईला पाहिलं होतं. घड्याळ टेबलावर ठेवल्याचा आवाज आला की तिची आई चष्मा काढून फ्रीजवर ठेवायची. वडील घड्याळाची काच जपायचे, आई चष्म्याची. मग वडील तिचं डोकं भिंतीवर आपटायचे. एकदा आईला चष्मा काढायला उशीर झाला. तिचा उजवा डोळा गेला तो कायमचा.

दिवे लागले.

“बोला!” दिग्दर्शक हसत हसत पुढे आला. “घड्याळाला घाबरलं कोण? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. एडिटरला फक्त वहिनींच्या चष्म्याबद्दल एक वाक्य बोलायचं होतं. बोलली असती तर शॉट वाचला असता. पण वहिनींना याच माणसाबरोबर घरी जायचं होतं.

“राहू दे, सर,” ती म्हणाली. “काढते घड्याळ.”

तेव्हा शेवटच्या खुर्चीवरून एक हात वर झाला.

“मी घाबरले,” वहिनी म्हणाल्या. “तो शॉट काढू नका.”

दिग्दर्शक वळला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. त्याचा उजवा हात आपसूक डाव्या मनगटाकडे गेला. पट्टा सुटला. घड्याळ त्याने समोरच्या टेबलावर ठेवलं.

टक.

खोलीतली सगळी माणसं एकदम दचकली. सासूबाईंनी मेकअपवालीचा दंड घट्ट धरला. मग एकेक मान वहिनींकडे वळली. मघाशी डोळे झाकून घेणारा धिप्पाड लाईटवाला उठला आणि नवराबायकोच्या मधे येऊन उभा राहिला.

“घड्याळ घाला, साहेब,” निर्माता म्हणाला.

वहिनींनी खुर्चीखालची पर्स उचलली, चष्मा बाहेर घेतला आणि डोळ्यांवर चढवला.