दोन मनांचा रिमोट

दुकानातल्या होम थिएटरचा नवा रिमोट भलताच शहाणा होता. कुंदाताईंच्या मनात नाटक आलं आणि पडद्यावर नाटक लागलं.

“बघा काकू, बोटसुद्धा हलवायला नको,” दुकानदार म्हणाला. “तुमच्या जुन्यात अजून काकांचं मन साठवलेलं आहे. म्हणून तो मधेच कुस्ती लावतो. द्या, पुसून टाकतो.”

“वर्ष झालं त्यांना जाऊन. अजून ऐकत नाहीत,” कुंदाताई म्हणाल्या आणि जुना रिमोट पर्समध्ये घालून तशाच घरी आल्या.

संध्याकाळी त्यांनी नाटक लावलं. नायिका रडायला लागली तोच पडद्यावर दोन पैलवान भिडले.

“अहो, पाचच मिनिटं हं,” म्हणत कुंदाताई सोफ्यावर जरा सरकून बसल्या.